नंबर लागला, राहायचे कुठे?

गेल्या आषाढातली गोष्ट. माझा एक बालमित्र त्याच्या नातीला घेऊन पुण्यात माझ्या घरी आला. आम्ही दोघे माण तालुक्यातल्या एकाच गावचे. चौथीपर्यंत एकाच तरटावर बसलो. तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी विनयाने म्हणत नाही. आमच्या गुरुजींनी ते भर वर्गात अनेकदा सांगितले होते आणि मला त्याचा राग येत असे.

तो सोफ्याच्या अगदी कडेवर बसला. नातीने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद काढले. दाखले, गुणपत्रिका, प्रवेशाचे पत्र.

"सर, पोरीला नंबर लागला. इंजिनेरिंगला, सरकारी कॉलेजात. फी बी माफ हाय म्हनत्यात."

"अरे, मग पेढे कुठे आहेत?"

"पेढं आनतो की. पर तिनं ऱ्हायाचं कुठं, ते सांगा."

मी त्याला अजूनही 'अरे' म्हणतो. तो मला 'सर' आणि 'अहो' म्हणतो. लहानपणी तोही मला 'आरं' म्हणून हाक मारी. हा बदल केव्हा झाला ते मी नेमके सांगू शकतो. १९७५ साली मी कॉलेजात समाजशास्त्राचा अधिव्याख्याता झालो आणि त्यानंतर पहिल्यांदा यात्रेसाठी गावी गेलो, त्या दिवशी. देवळापाशी त्याने मला पाहिले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाला, "कवा आलासा?" मी त्याला पुष्कळ समजावले. तो हसला, पण पुन्हा 'आरं'वर आला नाही. समाजात शिक्षणाचे कार्य काय, हा प्रश्न मी पुढे छत्तीस वर्षे परीक्षेत पाच पाच गुणांसाठी विचारला. त्याचे सर्वात छोटे उत्तर या दोन हाकांमध्ये आहे.

पण त्या दिवशी त्याने विचारलेला प्रश्न माझ्या प्रश्नपत्रिकेत कधीच आला नव्हता. कॉलेज मिळाले. २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास आणि दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे, तोही प्रश्न सुटला. राहायचे कुठे?

मला वाटते, गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात शिक्षणाने जे काही सामाजिक परिवर्तन घडवले, ते या एका प्रश्नाला ज्यांनी उत्तर दिले त्यांच्यामुळे घडले. आणि आज शिक्षण पुन्हा घराण्याघराण्यांत फिरू लागले आहे, ते हा प्रश्न आपण विसरलो म्हणून.

शिडी की चाळणी?

शिक्षणाकडे पाहण्याच्या समाजशास्त्रात ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एमिल दुर्खीमने शाळेकडे समाजाने पुढच्या पिढीला आपल्यात सामावून घेण्याची रीत म्हणून पाहिले. मूल शाळेत पाढे शिकते, आणि त्याबरोबर रांगेत उभे राहणे, घंटा झाली की उठणे, आईबापांखेरीज आणखी कुणाचे तरी ऐकणे, अनोळखी मुलाशेजारी बसणे हेही शिकते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स याने १९५९ साली हाच विचार पुढे नेला. घरात मूल कुणाचे तरी असते, वर्गात मात्र सगळ्यांना एकच फूटपट्टी लागते. उत्तर बरोबर की चूक, एवढेच शिक्षक पाहतात. म्हणून शाळा ही जन्माने मिळालेल्या स्थानाकडून कर्तृत्वाने मिळवलेल्या स्थानाकडे नेणारी शिडी.

ऐकायला हे फार गोड आहे, आणि त्यात सत्याचा अंशही आहे. पण फूटपट्टी एकच असली तरी तिच्यापुढे उभी राहणारी मुले कुठून आली, हे कोण पाहणार? १९६६ साली जेम्स कोलमन याच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. अपेक्षा अशी होती की गरीब मुलांच्या शाळांना इमारती, पुस्तके, पैसा कमी मिळतो, म्हणून ती मागे पडतात, असे सिद्ध होईल. निघाले वेगळेच. शाळेशाळेतल्या सोयींच्या फरकापेक्षा मुलाचे घर आणि त्याचे सोबती यांचा परिणाम अधिक दिसला. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्याकडे कोठारी आयोगाने अहवाल दिला. सर्व थरांतली मुले आपल्या परिसरातल्या एकाच शाळेत शिकावीत, ही त्यातली सर्वांत मोलाची शिफारस. ती आपण वाचली, वाखाणली आणि बाजूला ठेवली.

फ्रान्समध्ये पिएर बूर्द्यू आणि झाँ-क्लोद पासरोन यांनी १९७० साली यापुढचे पाऊल टाकले. शाळा ज्याला बुद्धी म्हणून गुण देते, तो बराचसा घरातून आणलेला वारसा असतो, असे त्यांचे म्हणणे. भाषा, पुस्तकांचा सहवास, कोणत्या प्रसंगी काय बोलावे याची जाण हे सारे काही मुलांना आईच्या मांडीवरच मिळते. बूर्द्यूने याला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले. जमीन वारशाने मिळाली तर लोक बोट दाखवतात. हे भांडवल मात्र गुणपत्रिकेवर 'गुणवत्ता' म्हणून उमटते आणि कुणालाच संशय येत नाही. शिडी वाटणारी शाळा ही प्रत्यक्षात चाळणी असते.

मी वर्गात बूर्द्यू शिकवत असे तेव्हा मला एक गोष्ट सांगायला फार आवडे. हा जगप्रसिद्ध विद्वान बेआर्न भागातल्या एका खेड्यातला, टपाल खात्यातल्या साध्या कर्मचाऱ्याचा मुलगा. शिकण्यासाठी तो पो या गावी शाळेच्या वसतिगृहात राहिला. तिथले दिवस किती कठोर होते, ते त्याने आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मपरीक्षणात नोंदवले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर बूर्द्यू हा बोर्डिंगातला पोरगा होता.

वार आणि बोर्डिंग

घर हेच जर खरे भांडवल असेल, तर ज्यांच्या घरी ते नाही त्यांनी काय करायचे? पश्चिमेकडच्या विद्वानांच्या किती तरी आधी आपल्या लोकांनी या प्रश्नाशी झुंज घेतली होती.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की जुन्या काळी गरीब ब्राह्मण मुलगा शिकू शकला, तोही एकट्याच्या बुद्धीवर नव्हे. तो वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागे, कुणी देवळाच्या ओवरीत अभ्यास करी. अपमान होता, उपासमारही होती. पण परक्या गावात सात घरांची दारे त्याच्यासाठी उघडत होती. ही जातीने पुरवलेली व्यवस्था होती. कुणब्याच्या, मेंढपाळाच्या, महाराच्या मुलाने वार कुणाकडे लावायचे?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, ही त्यांची तक्रार आपल्याला ठाऊक असते. पण त्याच निवेदनात त्यांनी हेही सांगितले आहे की गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, याचे एक कारण त्यांना गुरे राखायला आणि शेत सांभाळायला घरीच ठेवावे लागते. म्हणून शाळा उघडून भागणार नाही. शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावी लागतील. मुलाचे हात घराला लागतात, हे ज्याला कळले त्याला शिक्षणाचे अर्थशास्त्र कळले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली. मराठ्यांचे, जैनांचे, लिंगायतांचे, मुसलमानांचे. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे का, असे आज आपण नाक मुरडून विचारतो. ज्या काळी एका पंगतीला बसणे अशक्य होते, त्या काळी मुलगा शहरात टिकावा यासाठी निघालेली ती वाट होती. महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण या दोहोंच्या आधी त्यांनी मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय केली, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक दांडगा मुलगा राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर त्याला अंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हे भाऊराव पाटील. बोर्डिंगातून हाकललेल्या या मुलाने पुढे १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. मुलांच्या जेवणाची चणचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत सातारा जिल्ह्यात आजही घरोघर सांगतात. आपण ती त्यागाची कथा म्हणून ऐकतो. मला ती शिक्षणाच्या अंदाजपत्रकातली पहिली बाब वाटते: आधी पीठ, मग पुस्तक.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या प्रश्नाची धग कुणापेक्षाही अधिक होती. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे बिऱ्हाड. जागा अशी नव्हतीच, म्हणून मुलगा लवकर झोपे, वडील जागे राहत आणि मध्यरात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवत. त्या वेळी घर निजलेले असे, म्हणून शांतता मिळे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते या अनुभवाशी ताडून पाहावे. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय चालवले. पुण्यात १९५५ साली सुरू झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यातल्या मुलांना आसरा दिला. या माणसांची मते, पक्ष, मार्ग निराळे होते. पण एका बाबतीत त्यांचे एकमत होते: शाळा उघडणे हे अर्धेच काम आहे.

दोन जागा होत्या

१९६२ साली आमच्या गुरुजींनी आम्हा दोघांना पायी चालवत एका बोर्डिंगात नेले. रेक्टरांनी पाढे विचारले, उतारा वाचून घेतला. माझ्या मित्राने पाऊणकी-निमकी घडाघडा म्हटली, मी अडखळलो. आम्हा दोघांनाही घेतले. पालकाने वर्षाकाठी एक पोते ज्वारी द्यायची, एवढीच अट होती आणि गरज पडली तर तीही माफ होत असे.

त्याच पावसाळ्यात त्याचे वडील वारले. चुलत्याने गुरुजींना एकच प्रश्न केला, "मेंढरं कुनी राखायची?" गुरुजींपाशी उत्तर नव्हते. ज्वारी माफ करता आली असती; मेंढरांमागचे दोन हात कुणी दिले असते? त्याची जागा शेजारच्या गावातल्या मुलाला मिळाली. मी ट्रंक घेऊन निघालो तेव्हा तो कळप घेऊन ओढ्याच्या कडेला उभा होता.

पुढे मी प्राध्यापक झालो तेव्हा गावाने माझा सत्कार केला. "जात्याच हुशार," असे वक्ते म्हणाले. मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून माझा मित्र टाळ्या वाजवत होता. इंग्लंडमध्ये मायकेल यंग याने १९५८ साली 'मेरिटॉक्रसी' हा शब्द उपरोधाने वापरून एक पुस्तक लिहिले. गुणवत्तेच्या नावाने निवडलेले लोक वर बसतील, आपले यश आपल्याच कर्तृत्वाचे आहे असे मानतील आणि खाली राहिलेल्यांना स्वतःच्या अपयशाची लाजही वाटेल, असा त्यात इशारा होता. गंमत म्हणजे जगाने तो शब्द कौतुकाचा म्हणून उचलला आणि २००१ साली यंगला त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त करावी लागली. त्या मांडवात मला जी लाज वाटली, तिचा अर्थ हे पुस्तक वाचल्यावर मला कळला.

बोर्डिंगने मला काय दिले? भाकरी आणि पातळ आमटी दिली. पहाटे पाचची घंटा, रविवारी विहिरीवरचे काम आणि खरूजही दिली. पण खरी देणगी म्हणजे रात्री जेवणानंतर गॅसबत्तीच्या उजेडात सक्तीने बसायचे दोन तास. त्या दोन तासांत "पाणी आण", "वासरू बांध", "दिवा बारीक कर, रॉकेल संपंल" असे मला कुणी म्हणत नसे. गावातल्या कोणत्याही मुलाच्या वाट्याला न आलेली ही चैन होती.

दुसरी देणगी म्हणजे माझ्यापेक्षा चार इयत्ता पुढची मुले. ई.बी.सी. सवलतीचा फॉर्म कुठे मिळतो, तलाठ्याचा दाखला कसा काढायचा, मॅट्रिकनंतर काय असते, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे हे सारे मला त्यांनी सांगितले. शिकलेल्या घरात हे ज्ञान ताटाबरोबर वाढले जाते. आमच्या घरात ते सात पिढ्यांत कुणाला नव्हते. बोर्डिंगने मला सहा वर्षांसाठी शिकलेले मोठे भाऊ दिले.

आणि तिसरी देणगी भाषेची. आम्ही सगळेच 'पानी' म्हणणारे होतो, त्यामुळे चुकताना लाज वाटत नसे. एकमेकांच्या चुका काढत आम्ही 'पाणी'वर आलो.

किंमत

इथे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातले भाषण होईल.

पहिल्या दिवाळीला मी घरी गेलो आणि आईकडे 'पाणी' मागितले. ती पदर तोंडाला लावून हसली. "लई शुद्ध बोलाय लागलास रं!" कौतुकच होते ते. पण त्यानंतर माझ्याशी बोलताना ती शब्द निवडू लागली. माझ्या मित्राची हाक बदलायला १९७५ साल उजाडावे लागले. आईची भाषा त्याच दिवाळीत बदलली. घराची उणीव भरून काढणारे वसतिगृह घराची किंमतही कमी करते. मुलगा वर चढतो आणि खाली पाहायला शिकतो.

ही किंमत किती भयंकर होऊ शकते, हे कॅनडाने दाखवले आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या सुमारे दीड लाख मुलांना शंभराहून अधिक वर्षांच्या काळात निवासी शाळांत ठेवण्यात आले. आपली भाषा बोलले तर शिक्षा होई. २०१५ साली तिथल्या सत्यशोधन आयोगाने या धोरणाला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. आपल्याकडेही आदिवासी आश्रमशाळांतल्या मुलांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. तेव्हा मुलाला घरापासून दूर नेले की काम झाले, असे मुळीच नाही. प्रश्न असा आहे की नेणारा कोण, आणि मुलाच्या घराकडे तो कोणत्या नजरेने पाहतो. भाऊरावांच्या वसतिगृहात मुलगा शेतकामाला मुकत नव्हता. हाताने काम करणे हाच तिथला शिरस्ता होता. गावाकडच्या माणसाची त्याला लाज वाटू नये, याची काळजी होती. ती काळजी सुटली की वसतिगृहाची कोंडवाडी होते.

उजेड भाड्याने

आज काय चित्र आहे? पहिलीत नाव घातलेले नाही असे मूल आता क्वचित सापडते. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना मिळाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून तिला मोठी वाट करून दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो बदल रद्द केला. हे चांगलेच झाले. पण त्या जागेवर बसलेले मूल दुपारी घरी परतते. तिथे इंग्रजीतली सूचना वाचायला कुणी नाही, 'प्रोजेक्ट'साठी रंगीत कागद नाही, पालकसभेत बोलायची आईला छाती नाही. वर्गात बसायला जागा मिळाली, अभ्यासाला बसायला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि धाकट्या मुलांसाठी त्या दीड वर्षाहून अधिक काळ बहुतेक ठिकाणी बंदच राहिल्या. शाळा घरात आली आणि घराघरांतला फरक उघडा पडला. एका घरी प्रत्येक मुलाला वेगळी खोली आणि वेगळा संगणक. दुसऱ्या घरी एकच मोबाइल आणि तो घेऊन बाप कामावर गेलेला. बूर्द्यूचे पुस्तक समजावून सांगायला मला वर्गात चार तास लागत. त्या वर्षी ते सगळ्यांना फुकट समजले. पाठोपाठ २०२१च्या अखेरीस एस.टी.चा दीर्घ संप झाला. शाळा उघडल्या, पण गाडी नव्हती. मुलगे सायकलवर, कुणाच्या मोटारसायकलवर गेले. मुली घरी राहिल्या. मोफत पास पाकिटात होता.

ऊसतोड कामगारांची मुले तर दरवर्षी हा प्रश्न घेऊन जगतात. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मूल गावी ठेवले तर जेवू कोण घालणार? बरोबर नेले तर शाळा गेली. हंगामी वसतिगृहाची सोय त्यासाठीच निघाली, आणि २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. कल्पना अगदी नेमकी आहे. यात कंजुषी किंवा दिरंगाई झाली तर एक पिढी फडात जाते, एवढे मात्र योजना राबवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शहरात याच गरजेचा बाजार झाला आहे. सदाशिव पेठेत, नवी पेठेत फिरून पाहा. स्पर्धा परीक्षांसाठी आलेली हजारो मुले कॉट बेसिसवर राहतात, खाणावळीत डबा लावतात आणि 'अभ्यासिके'त महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेतात. दाराशी पाटी असते: स्वतंत्र कप्पा, शांतता, चोवीस तास वीज. मी एकदा अशा एका अभ्यासिकेत डोकावलो. पहाटे पाचला माझ्या बोर्डिंगात घंटा व्हायची. तशा वेळी तिथे तीस-चाळीस मुले पुस्तकावर मान टाकून झोपली होती. गॅसबत्तीच्या उजेडातले जे दोन तास मला एका पोते ज्वारीत मिळाले, ते आता तासाच्या हिशेबाने विकत मिळतात. आणि ज्या मोजक्या जागांसाठी ते विकत घ्यायचे, त्या मागणाऱ्यांच्या मानाने मूठभर. रोनाल्ड डोअर याने १९७६ साली याला पदव्यांचा रोग म्हटले होते: नोकऱ्या वाढत नाहीत, नोकरीसाठी लागणारा कागद मात्र दरवर्षी मोठा होत जातो.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना रोख मदत देणारी 'स्वाधार'सारखी योजना २०१६-१७ पासून आहे. तिचा अनेकांना आधार झाला आहे. पण पैशाने कॉट मिळते. आडनाव विचारून दार लावणाऱ्या घरमालकाचे मन मिळत नाही, आणि चार इयत्ता पुढचा भाऊ तर मुळीच नाही. वसतिगृहाच्या जागी भत्ता देणे म्हणजे पंगत बंद करून शिधा वाटण्यासारखे आहे. पोट भरते. सोबत जाते.

स्थानिक पालक

त्या दिवशी चहा झाल्यावर आम्ही वसतिगृहाचा फॉर्म भरायला बसलो. फॉर्म मोबाइलवर होता. नात भरत होती, आम्ही दोघे म्हातारे चष्मा पुसत बघत होतो. एके ठिकाणी ती थांबली. 'स्थानिक पालकाचे नाव' असा रकाना होता. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. पुढचा रकाना 'नाते'. मित्र घाईने म्हणाला, "सर, वळख म्हनून लिवलं तर चालंल का?" पोरीने कुणालाही न विचारता लिहिले: आजोबा.

पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. दुसऱ्याही नाही. तोवर ती आमच्याकडे राहिली, माझ्या जुन्या पुस्तकांच्या खोलीत. सकाळी लवकर उठे, माझ्या पत्नीला पोळ्या लाटून देई, बसने कॉलेजला जाई. साधारण दीड महिन्याने एका मुलीने सोडलेली जागा तिला मिळाली. आजोबा तिला पोचवायला पुन्हा आला. या वेळी पेढे घेऊन.

जाताना तिने सांगितले की तिच्याच वर्गात तिच्याच जिल्ह्यातली आणखी एक मुलगी होती. तिचाही नंबर गुणांवरच लागला होता, तिचीही फी माफ होती. तीन आठवडे ती रोज नवी खोली पाहत होती. चौथ्या आठवड्यात वडील आले आणि प्रवेश रद्द करून तिला परत घेऊन गेले.

प्रवेशाच्या आकडेवारीत तिची जागा 'रिक्त' म्हणून दाखवली जाईल. तिच्या आजोबांबरोबर तरटावर बसलेले पुण्यात कुणी नव्हते, एवढीच तिची उणीव होती. ती भरून काढण्यासाठी साताऱ्यात एके काळी एका बाईने मंगळसूत्र मोडले होते. आपण काय मोडायला तयार आहोत?